नांगराच्या जाहिरातीतून जन्मलेले मासिक : 'किर्लोस्कर खबर' (धागा)

१/ समजा, नसरापूरचा एखादा तरुण भोर-वेल्ह्याचा आंबेमोहर तांदूळ थेट पुण्या-मुंबईच्या घरांत विकतो. पहिली मागणी नोंदवताना ग्राहक त्याला आपला ईमेल देतो. त्यानंतर ग्राहकाला काय लिहावे आणि किती वेळा? प्रश्न आजचा वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वी तो नांगराच्या एका कारखान्यासमोर उभा होता.

२/ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले. बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली.

३/ नांगर तयार होता, गिऱ्हाईक नव्हते. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. लोखंडी नांगराला रोख पैसा लागे. त्यातच लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते.

४/ ही शंका एका जाहिरातीने फिटणारी नव्हती. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो सुगीनंतर आणि नांगर घेतला जातो कित्येक वर्षांतून एकदा. मधल्या काळात त्याच्याशी बोलणे चालू राहणे, हीच खरी गरज होती.

५/ १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच 'शंवाकि'. शिक्षणाने ते चित्रकार होते. प्रारंभी हे कारखान्याचे गृहपत्र होते आणि मालाची प्रसिद्धी हा त्याचा उघड हेतू होता.

६/ ही वाट जगात अगदीच अनोळखी नव्हती. अमेरिकेत जॉन डीअर या नांगरांच्याच कंपनीने १८९५ मध्ये 'द फरो' हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले होते. 'फरो' म्हणजे नांगराचे तास.

७/ मात्र 'खबर' मालाच्या माहितीपाशी थांबले नाही. कथा, उद्योजकता, स्वावलंबन, समाजसुधारणा असे विषय त्यात आले. पुढे नावातील 'खबर' गळून 'किर्लोस्कर' उरले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात प्रसिद्ध झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे निघाली. ज्यांना नांगर कधीच घ्यायचा नव्हता, अशा घरांतही ही मासिके वाचली जाऊ लागली.

८/ यात धोका होता. रूढींवर टीका करणारे मासिक प्रत्येक गिऱ्हाइकाला रुचेल, याची हमी कोण देणार? निव्वळ व्यापारी हिशेबाने मौन अधिक सोयीचे ठरले असते. परंतु स्वतःचे मत नसलेल्या पत्राची वाट कोणी पाहत नाही.

९/ नसरापूरच्या त्या तरुणाची पत्रमालिकाही याच क्रमाने उभी राहू शकते. पहिले पत्र आभाराचे, तांदूळ कोणत्या शिवारातला हे सांगणारे. दुसरे उपयोगाचे : नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त. तिसरे शंकेचे : हा तांदूळ बाजारापेक्षा महाग का? मग आषाढात लावणीची हकिकत, कापणीनंतर नव्या तांदळाची वर्दी आणि तेव्हाच, स्पष्ट शब्दांत, भाव. ज्याला पत्रे नकोत, त्याला ती सहज थांबवता यावीत.

१०/ दर आठवड्याला केवळ 'सवलत, सवलत' लिहिणारा ग्राहकाला एकच गोष्ट शिकवतो : पत्र न उघडणे. 'खबर'च्या शतकापूर्वीच्या अनुभवातून निघणारी कसोटी साधी आहे. या पत्रातून मालाचे नाव काढून टाकले, तरी वाचणाऱ्याच्या हाती काही उरते का?