बोडलियन ग्रंथालये, ऑक्सफर्ड

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचा ग्रंथालयसमूह. मूळचे बोडलियन ग्रंथालय, घुमटाकार रॅडक्लिफ कॅमेरा, हस्तलिखितांसाठीचे वेस्टन ग्रंथालय, आधुनिक युरोपीय भाषांसाठीचे टेलर संस्थेचे ग्रंथालय आणि कायदा, विज्ञान यांसारख्या विषयांची ग्रंथालये मिळून विसांहून अधिक वास्तू यात येतात. छापील संग्रह 1 कोटी 30 लाखांच्या वर आहे. महाविद्यालयांची ग्रंथालये यात धरत नाहीत. ती ज्याच्या त्याच्या मालकीची. विद्यापीठाने 2000 साली या ग्रंथालयांचा कारभार एकत्र केला आणि 2010 मध्ये समूहाला आजचे नाव मिळाले. नकाशावर हा पसारा पाहिला की कुणीतरी तो आखून उभारला असावा असे वाटते, आणि विद्यापीठाच्या माहितीपत्रकांनाही तसेच वाटायला हवे असते. प्रत्यक्षात 1610 साली संस्थापक सर टॉमस बोडलीने लंडनच्या स्टेशनर्स कंपनीशी, म्हणजे मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी, जो करार केला, त्याने या ग्रंथालयाला आपला संग्रह निवडून वाढवण्याच्या मार्गावरून कायमचे हटवले. बाकीचा बराचसा इतिहास म्हणजे त्या कराराने आणलेल्या पुस्तकांसाठी जागा शोधण्याचा इतिहास आहे.

हा करार कशामुळे सुचला असेल, हे आधीच्या काळावरून कळते. ड्यूक हम्फ्रीने दिलेल्या हस्तलिखितांसाठी बांधलेले दालन 1488 मध्ये उघडले आणि 1550 मध्ये धर्मसुधारणेच्या आवेशात रिकामे झाले. पुढे सहाच वर्षांत विद्यापीठाने तिथली बाके आणि मेजेही विकून टाकली. मुत्सद्देगिरीतून निवृत्त झालेल्या बोडलीने 1598 मध्ये स्वखर्चाने ते पुन्हा उभे करण्याची तयारी दाखवली आणि 8 नोव्हेंबर 1602 रोजी ग्रंथालय सुरू झाले. एकदा दिलेली देणगी विद्यापीठ सांभाळेलच असे नाही, हा धडा समोर होता. करारानुसार संघाच्या सभासदांनी छापलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ऑक्सफर्डला मिळू लागली. आपल्याकडे 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याने मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला जो हक्क मिळाला, त्याच कुळातला हा हक्क. गंमत अशी की खुद्द बोडलीला नाटके आणि पंचांगे यांचा तिटकारा होता. असला माल आपल्या फडताळांत नको, असे त्याने ग्रंथपालाला बजावले होते. शेक्सपिअरच्या नाटकांचा 1623 चा पहिला फोलिओ तरीही आला, बांधला गेला, साखळीने जखडला गेला. पुढे 1664 ची आवृत्ती आल्यावर जुनी प्रत जादा ठरून बहुधा विकली गेली. 1905 मध्ये ती बांधणीवरून ओळखू आली, आणि अमेरिकी संग्राहकाच्या हाती जाऊ नये म्हणून वर्गणी काढून 3000 पौंडांना परत घ्यावी लागली. निवडीच्या बाजूने बोलणाऱ्यांना याहून महागडे उत्तर देता येणार नाही.

पण सगळेच ठेवायचे म्हटले की ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न येतोच. रॅडक्लिफ कॅमेरा हे 1749 पासूनचे स्वतंत्र ग्रंथालय होते. ते 1860 च्या सुमारास बोडलियनचे वाचनकक्ष झाले. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने ब्रॉड स्ट्रीटपलीकडे बांधलेल्या नव्या इमारतीत ग्रंथसाठ्याचे अकरा मजले होते, त्यातले तीन जमिनीखाली. रस्त्याखालच्या बोगद्यातून सरकत्या पट्ट्यावरून पुस्तके जुन्या इमारतीत येत. 1946 मध्ये सहाव्या जॉर्ज राजाच्या हातून उद्घाटन होताना किल्ली कुलपातच तुटली, ही आठवण अजून सांगितली जाते. तीही जागा पुरेना. शहरालगत नवे कोठार बांधायला परवानगी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्डच्या मनोऱ्यांचे दृश्य बिघडेल आणि पुराचा धोका आहे अशी हरकत होती. मग 2010 मध्ये 45 किलोमीटरवर स्विंडनजवळ कोठार झाले. तिथे पुस्तके विषयवार नव्हे, आकारवार रचली आहेत आणि मागणीप्रमाणे गाडीतून ऑक्सफर्डला येतात. विषयवार रचनेशिवाय ग्रंथालय कसले, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की या समूहाला एकत्र धरून ठेवते ती सूची. फडताळांचा क्रम तिथे दुय्यम आहे.

यावर रास्त आक्षेप असा की बोडलियनची ख्याती सक्तीने आलेल्या पुस्तकांवर नाही, विशेष संग्रहांवर आहे, आणि ते देणगी, खरेदी किंवा लूट यांतूनच येतात. लूटही नाकारता येत नाही: 1596 मध्ये अर्ल ऑफ एसेक्सने पोर्तुगालमधील फारोच्या बिशपचा ग्रंथसंग्रह पळवला आणि तो बोडलीला दिला. आर्चबिशप लॉडने 1635 ते 1640 या काळात सुमारे 1300 हस्तलिखिते दिली, त्यांत भारतीय रागमाला चित्रेही होती. सुरतेच्या पारशांकडून मिळालेली, वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथाची पोथी 1723 मध्ये आली. तिच्या चार पानांची नक्कल पॅरिसमध्ये पाहून फ्रेंच अभ्यासक आंकेतिल द्यूपेराँ हिंदुस्थानात निघाला आणि 1771 मध्ये त्याचे अवेस्ताचे भाषांतर प्रसिद्ध झाले. पेशावरच्या बाजूला 1881 मध्ये सापडलेली, भूर्जपत्रावरची बख्शाली गणितपोथी 1902 मध्ये इथे दाखल झाली. नेपाळचे चंद्र शमशेर राणा यांनी 1909 मध्ये सहा हजारांवर संस्कृत हस्तलिखिते दिली. तरी एवढे सगळे याच दाराशी का आले, याचे उत्तर पुन्हा न सोडण्याच्या शिस्तीत सापडते. 1645 मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने पुस्तक उसने मागितले, तेव्हा ग्रंथपालाने नियम दाखवून नकार दिला. पुढे क्रॉमवेललाही तेच ऐकावे लागले. पुस्तक बाहेर न नेण्याची आणि आत विस्तव न पेटवण्याची शपथ वाचक आजही घेतात. अशा ठिकाणी पोथी ठेवली तर ती राहील, हा विश्वास देणगीदाराला पुरेसा असतो. मात्र मूळ मालकाला ती परत हवी असेल, तर हाच गुण त्याला अडसर वाटणार, आणि ते वाटणे चुकीचे म्हणता येत नाही.

अधिक बोचरा आक्षेप इंडियन इन्स्टिट्यूटच्या कहाणीतून निघतो. मुंबईत जन्मलेले संस्कृतचे अध्यापक मोनियर विल्यम्स यांनी हिंदुस्थानात फिरून, संस्थानिकांकडूनही पैसा जमवून ही संस्था काढली. 1883 मध्ये पायाभरणी झाली आणि 1896 मध्ये इमारत पुरी झाली. तिच्या शिखरावरच्या वातकुक्कुटाच्या जागी हत्ती आहे. तिचे ग्रंथालय 1927 मध्ये बोडलियनकडे आले. 1960 च्या दशकात विद्यापीठाला कचेऱ्यांसाठी इमारत हवी झाली आणि विरोध डावलून 1968 मध्ये पुस्तके ब्रॉड स्ट्रीटवरच्या नव्या इमारतीच्या माथ्यावर हलवली गेली. एकही पुस्तक गेले नाही, सूची शाबूत राहिली. तरीही भारतविद्येच्या वाचकांना हक्काची वास्तू उरली नाही, आणि ज्या कारणासाठी देणग्या दिल्या होत्या ते कारण बाजूला पडले. सूची म्हणजेच ग्रंथालय, हे वरचे विधान इथे तोकडे पडते: पुस्तके जपण्याची हमी विद्यापीठाने स्वतःला घालून घेतली, वास्तू जपण्याची कधीच नाही. आज हा संग्रह वेस्टन ग्रंथालयात वाचायला मिळतो. 2015 मध्ये खुले झालेले वेस्टन म्हणजे तीच ब्रॉड स्ट्रीटवरची इमारत, आतून नव्याने बांधलेली.

2013 पासून ब्रिटनमधील डिजिटल प्रकाशनांनाही प्रत देण्याची सक्ती लागू आहे. अशी फाइल जागा अडवत नाही, त्यामुळे वास्तूंच्या वाढीमागचे जुने कारण हळूहळू ओसरेल. पण कायद्याने ती ग्रंथालयाच्या आवारातल्या संगणकावरच उघडते, आणि एका वेळी एकाच वाचकाला.