उपग्रहाला उलट बोलता येते का?

पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे निघालेली पॅसेंजर आधी चुडाव्याला थांबते, मग लिंबगावला, आणि नंतर नांदेड येते. परभणी जिल्ह्याचे हे पूर्वेकडचे टोक. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, हैदराबादहून मनमाडकडे जाणारा मीटरगेज रेल्वेमार्ग या भागातून गेला आणि रुळांच्या सोबतीने खांब व तारा आल्या. क्षणात दूरवर निरोप पोचवणारे या पट्ट्यातले पहिले साधन म्हणजे रेल्वेचे तारयंत्र. त्याचा एक गुण आपण लक्षात ठेवू. ते दोन्ही बाजूंनी बोलत असे. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' कळवल्याशिवाय मागच्या स्टेशनातून गाडी सुटत नसे. उत्तर येणे हा त्या व्यवस्थेचा पायाच होता.

हे आठवायचे कारण असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'स्टारलिंक' या कंपनीशी उपग्रहावरून इंटरनेट पुरवण्यासंबंधी इरादापत्र केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांचा नावाने उल्लेख झाला. परभणीचा नाही. साहजिकच शिक्षकांच्या खोलीत प्रश्न निघतो, की आपल्या शाळेला यातून काय मिळणार? मोबाइलला रेंज नसलेल्या गावात छपरावर एक छत्री बसवली की काम झाले का? उत्तर द्यायचे तर पन्नास वर्षे मागे जावे लागेल, कारण उपग्रहातून शाळेपर्यंत पोचण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे.

विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगानेच तिला फेरी घालतो आणि म्हणून आपल्याला एकाच जागी स्थिर दिसतो. अशा तीन उपग्रहांनी जवळजवळ सारे जग जोडता येईल, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडले. पण एवढ्या उंचीवरून येणारी लहर जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण होते. ती टिपायला मोठी थाळी लागते. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम भूकेंद्र उभे राहिले, त्याची थाळी जवळजवळ ३० मीटर व्यासाची होती. आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर ती मावली असती की नाही, हे ज्याने त्याने मोजून पाहावे. असले यंत्र गावोगावी नेणे शक्यच नव्हते.

मग उपाय काय? जमिनीवरची थाळी लहान करायची तर आकाशातली मोठी आणि जोरकस करायला हवी. अमेरिकेने मे १९७४ मध्ये सोडलेल्या एटीएस-६ या उपग्रहावर नऊ मीटरहून मोठा, छत्रीसारखा उलगडणारा अँटेना होता. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्येच अमेरिकेच्या नासाशी करार झाला होता. त्यानुसार हा उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर सरकवण्यात आला, आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे नेमके एक वर्ष भारताच्या खेड्यांसाठी वापरला गेला. हाच 'साइट' प्रयोग. त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. पुढे ते अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झाले आणि वयाची शंभरी गाठून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात निवर्तले.

साइटची थाळी पाहिली असती तर आपल्याला हसू आले असते. तीन मीटरची, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. पण त्या वापरात हीच जाळी योग्य होती. लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, त्यामुळे जाळीची लहानलहान भोके तिला 'दिसत'च नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो. अशीच एक थाळी इस्रोने क्लार्क यांच्या कोलंबोच्या घरीही बसवून दिली होती. वर्गात दाखवायला हे उदाहरण नामी आहे. आरसा किती गुळगुळीत हवा ते त्याच्यावर काय पडणार यावर ठरते.

सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी निवडली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे होते, आंध्रातले मेदक आणि महबूबनगर होते. यांतले बहुतेक जिल्हे १९५६ पर्यंत परभणीसह एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचनेच्या रेषेने परभणी अलीकडे राहिली आणि साइट पलीकडे. कार्यक्रम हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नडमध्ये होते, मराठीत नव्हते. लहरी मात्र रेषा पाळत नाहीत. चुडाव्यात कोणी तशी थाळी पश्चिमेच्या थोडी दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ३८ अंशांवर रोखली असती, तर इथेही चित्र उमटण्याजोगे होते.

सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी, असे रोज चार तास प्रक्षेपण चाले. मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार होत. पण आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे. सुट्ट्यांच्या काळात बारा-बारा दिवसांचे दोन वर्ग घेऊन सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण याच पडद्यावरून दिले गेले, सोबत छापील साहित्य आणि हाताने करायच्या कृती होत्या. त्या काळी एवढ्या शिक्षकांना एकाच वेळी दुसऱ्या कोणत्या मार्गाने गाठता आले असते? आम्हांला तरी सुचत नाही.

आता उणे बाजू. साइटमधले खेडे फक्त ऐकत होते. गावाने काही विचारायचे तर उपग्रहाकडे जाणारी वाट नव्हती. योजकांना याची जाण होती, म्हणून त्यांनी संशोधकांना काही गावांत महिनोन्महिने राहायला पाठवले आणि लोक काय पाहतात, कशाला कंटाळतात, हे नोंदवून घेतले. म्हणजे उत्तर माणसाच्या पायांनी परत येत होते, आणि तेही बहुधा कार्यक्रम होऊन गेल्यावर. वर्ष संपले, उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला. १९७७ पासून गुलबर्ग्यासारख्या काही ठिकाणी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे उभारून काही गावांची सोय झाली. बाकीच्या गावांचा पडदा काळा झाला.

पुढचा काळ भराभर सांगण्यासारखा आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला आणि भारताचा स्वतःचा उपग्रह कायमचा मिळाला. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे मराठी कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांनी शाळेत दाखवले असतील. २०१७ मध्ये ती बंद झाली. याच काळात एक गोष्ट फारसा गाजावाजा न होता घडली. राष्ट्रीय सूचना केंद्राने 'निकनेट' या जाळ्यातून १९९० च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांच्या मुख्यालयांत लहान भूकेंद्रे बसवली. ती संगणकाची माहिती पाठवतही होती आणि घेतही होती. उलट बोलणारा उपग्रह असा पहिल्यांदा जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत आला. तालुका आणि गाव अजून दूरच.

शाळेसाठी दोन्ही बाजूंची वाट उघडली ती एज्युसॅटने. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला हा उपग्रह केवळ शिक्षणासाठी होता. त्याआधीच्या चाचणीत नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सहभागी होते. काही वर्गांत बसून विद्यार्थी प्रश्न विचारू शकत. मात्र बोलताना एक अडखळ जाणवे. तिचे गणित आठवीच्या वर्गात सहज होते. वर ३६ हजार, खाली ३६ हजार, मिळून ७२ हजार किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणून प्रश्न पोचायला सुमारे पाव सेकंद आणि उत्तर यायला आणखी पाव. व्याख्यान ऐकताना हे खटकत नाही. संभाषणात दोघेही एकदम बोलू लागतात. इंटरनेटवर एक पान उघडताना संगणक अनेक वेळा विचारणा करतो आणि दर वेळी हा अर्धा सेकंद साचत जातो. यंत्र कितीही सुधारले तरी हे अंतर काही कमी होत नाही.

ते कमी करायचा एकच मार्ग, उपग्रह खाली आणणे. पण खाली आला की तो स्थिर राहत नाही. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो आणि आपल्या आकाशातून काही मिनिटांत निघून जातो. तो मावळायच्या आत दुसरा हवा, मग तिसरा. 'इरिडियम' कंपनीने १९९८ मध्ये ६६ उपग्रहांची अशी माळ गुंफून हातात धरायचा फोन आणला. वर्षभरात तिचे दिवाळे निघाले. भारतीय वित्तसंस्थांचे पैसेही त्यात होते. तंत्र चालत होते, फोन महाग होता आणि तोवर जमिनीवरचे मोबाइल टॉवर पसरू लागले होते.

दोन दशकांनी गणित बदलले. अग्निबाण परत उतरवून पुन्हा वापरता येऊ लागले, उपग्रह कारखान्यात एकामागून एक तयार होऊ लागले. २०१९ पासून स्टारलिंकने हजारो उपग्रह सोडले. १,२०० किलोमीटरवरच्या 'वनवेब' या दुसऱ्या माळेचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इस्रोच्याच अग्निबाणांनी नेले. ३६ हजारांऐवजी ५५० किलोमीटर म्हणजे अंतर पासष्टाव्या हिश्शाहून थोडे कमी-अधिक. लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून तेवढ्याच शक्तीची लहर इथे सुमारे चार हजार पट तीव्र पोचते. म्हणूनच सुटकेसएवढी चपटी पाटी पुरते. ती हलतही नाही. तिच्यावरचे शेकडो लहान अँटेने लहरींच्या वेळा मागेपुढे करून झोत वळवतात आणि धावणाऱ्या उपग्रहाचा पाठलाग करतात. याच गुणामुळे ती गाडीवर आणि जहाजावरही चालते.

सगळ्याच कामांना इतके लागत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. यंत्र इस्रोने विकसित केलेले. त्यातून वादळाचा इशारा नौकेला मिळतो, आणि बुडत्या नौकेचा निरोप किनाऱ्यावर येतो. मोजके शब्द, पण दोन्ही बाजूंनी. अर्धा सेकंद उशीर झाला तरी तिथे काही बिघडत नाही.

आता चुडाव्याकडे येऊ. आमचे मत स्पष्ट आहे. इथे उपग्रहाची वाट पाहू नये. एका उपग्रहाच्या झोताची क्षमता त्याखालच्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. भामरागड किंवा धडगावच्या डोंगरात, जिथे वस्त्या विरळ आणि केबल टाकणे कठीण, तिथे ती पुरते आणि तिथेच ती आधी जायला हवी. पूर्णेच्या सपाट पट्ट्यात गावामागे गाव आहे. तिथे लवकरच गर्दी होईल. ऑप्टिकल फायबरला ही अडचण नाही. रेल्वेमार्गांलगत फायबर टाकण्यासाठी 'रेलटेल' ही सरकारी कंपनी २००० मध्येच स्थापन झाली, आणि ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना, जी आता 'भारतनेट' म्हणून ओळखली जाते, २०११ मध्ये मंजूर झाली. तुटलेले फायबर आठवडेच्या आठवडे जोडले जात नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्यावरचा उपाय जोडारी नेमणे हा आहे, उपग्रह नव्हे. फायबर तुटल्यावर तात्पुरता आधार म्हणून तालुक्याला एखादी पाटी असावी, हे मात्र पटण्यासारखे आहे.

जिथे ती पाटी खरोखर शाळेवर बसेल, तिथल्या शिक्षकांनी काही गोष्टी आधीच लेखी विचारून घ्याव्यात. पाटीला साधारण ५० ते १०० वॅट वीज सतत लागते. भारनियमनात ती कुठून येणार? मासिक शुल्क पहिल्या वर्षानंतर कोण भरणार? उपग्रह सेवेच्या लहरींचा लिलाव न करता त्या शासनाने नेमून द्याव्यात, असे २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ठरले, आणि मे २०२५ मध्ये ट्रायने शहरी ग्राहकामागे वर्षाला जादा ५०० रुपये आकारावेत, ग्रामीण ग्राहकाला त्यातून वगळावे, अशी शिफारस केली. म्हणजे खेड्याचा विचार वरच्या पातळीवर झाला आहे. शाळेच्या बिलात तो उतरतो का, हे मुख्याध्यापकांना पाहावे लागेल. साइट ठरल्याप्रमाणे एका वर्षाने संपला, एज्युसॅट २०१० मध्ये निवृत्त झाला. दोन्ही वेळा पुढच्या वर्षीचे काय, हा प्रश्न शाळेने विचारलेलाच नव्हता. तिला विचारायची वाटच दिलेली नव्हती. आता पाटीच्या पोटात ती वाट आहे, तिचा पहिला उपयोग या प्रश्नासाठी करायला हरकत नाही.