लिंडाऊचे नवे दीपगृह

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील लिंडाऊ या बेटावरच्या शहरात, बोडन (कॉन्स्टन्स) सरोवराच्या काठी, बंदराच्या तोंडाशी उभा असलेला मनोरा. उंची सुमारे ३३ मी.; पायथ्याचा घेर २४ मी. बांधकाम १८५३–५६. दिवा प्रथम ४ ऑक्टोबर १८५६ रोजी लागला. जर्मनीतील हे सर्वांत दक्षिणेकडचे दीपगृह. १३९ पायऱ्या चढून दिव्याखालच्या सज्जावर जाता येते.

पूर्वपीठिका : आधी दिव्याचे काम तेराव्या शतकापासून तटबंदीचा भाग असलेला मांग बुरूज करीत असे. तो बंदराच्या आतल्या धक्क्यावर अजून उभा आहे. लिंडाऊ हे एके काळचे स्वतंत्र साम्राज्य-नगर १८०५ च्या प्रेसबुर्ग तहाने बव्हेरियाकडे आले आणि त्या राज्याला सरोवरावर स्वतःचे बंदर मिळाले. होफपासून निघालेली राज्याची दक्षिण-उत्तर रेल्वे १८५०-६० च्या दशकाच्या आरंभी बांधावरून थेट बेटावर पोचली. बंदर तेव्हाच वाढवले गेले. पश्चिमेच्या धक्क्यावर दीपगृह आणि पूर्वेच्या धक्क्यावर सुमारे ६ मी. उंचीचा दगडी सिंह, अशी जोडी झाली. सिंह म्यूनिकचे शिल्पकार योहान फोन हाल्बिग यांचा.

घड्याळ : मनोऱ्याच्या दर्शनी भिंतीवर घड्याळ आहे. दीपगृहांत हे दुर्मीळ असून, प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने वास्तूचे सर्वांत महत्त्वाचे अंग तेच होय. एकोणिसाव्या शतकात या एका सरोवराच्या काठाने पाच प्रमाणवेळा चालत : बव्हेरियात म्यूनिकची, व्युर्टेंबेर्गमध्ये श्टुटगार्टची, बाडेनमध्ये कार्ल्सरूची, स्वित्झर्लंडमध्ये बर्नची, तर ऑस्ट्रियाच्या रेल्वेवर प्रागची. म्यूनिक व बर्न यांच्या वेळांत सुमारे १६ मिनिटांचे अंतर पडे. १८६९ पासून रेल्वेचे डबे बोटीवर चढवून समोरच्या स्विस काठावरील रोमान्सहोर्न बंदरात नेले जाऊ लागले. तेव्हा एकाच फेरीत दोन वेळापत्रके सांभाळावी लागत. उतारूला बोट आणि गाडी दोन्ही गाठायची असे, म्हणून घड्याळ बंदराच्या तोंडाशी बसवले असावे. १ एप्रिल १८९३ रोजी साऱ्या जर्मनीत मध्य युरोपीय वेळ कायद्याने लागू झाली. स्वित्झर्लंडने ती १८९४ मध्ये स्वीकारली आणि सरोवरावरचा हा घोळ मिटला.

दिवा : सुरुवातीस तेलाचा उघडा जाळ. १९३६ मध्ये वीज आली. १९९०-२००० च्या दशकाच्या आरंभी यंत्रणा स्वयंचलित झाली. आता दिवा रात्रभर जळत नाही. येणारी बोट बिनतारी संदेशाने मागेल तेव्हाच तो लागतो.

युद्धोत्तर काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर लिंडाऊ फ्रेंच ताब्यात गेल्याने बव्हेरियापासून वेगळे पडले होते. जिल्हा १ सप्टेंबर १९५५ रोजी बव्हेरियात परत आला.

सज्जा : दिव्याच्या देखभालीची जागा आज पाहणाऱ्यांची आहे. येथून पूर्वेस ऑस्ट्रियातील ब्रेगेंझ व त्यामागचा फेंडर डोंगर, तर दक्षिणेस स्वच्छ हवेत स्वित्झर्लंडचे झेंटिस शिखर (२,५०२ मी.) दिसते. खाली एका अंगास बंदर आणि बेटाची छपरे. सरोवराच्या समोरच्या, वरच्या भागात तीन देशांची सीमा कराराने आखलेली नाही, त्यामुळे नकाशांतील रेषांवर विसंबू नये.

वादळाची सूचना : आल्प्सवरून उतरणारा ‘फ्योन’ हा कोरडा, उबदार वारा अचानक सुटतो व पाणी खवळते. त्यासाठी सरोवराच्या काठाने नारिंगी दिवे बसवले आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावधगिरी. ९० वेळा लुकलुकले तर वादळ.