कोडविना प्रणाली, मंडपाविना परिषद

यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील कळंब हे तालुक्याचे गाव विदर्भातील अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. जमिनीच्या पातळीखाली असलेले तेथील मंदिर, गणेशकुंड आणि कुंडाचे पाणी ठरावीक वर्षांनी वाढून मूर्तीच्या चरणांपर्यंत पोहोचते ही श्रद्धा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने अशा तालुक्याच्या गावात संगणक कसा आला, तो कोणी चालवला आणि त्यावरचे काम करणाऱ्याचा व्यवसाय कसा बदलत गेला, याकडे इतिहासलेखनाचे लक्ष जवळजवळ गेलेलेच नाही. विषय फार अलीकडचा वाटतो, हे त्यामागचे एक कारण असावे. परंतु पटवारी आणि तलाठी यांच्या दप्तरांचा इतिहास ज्या आस्थेने लिहिला जातो, त्याच आस्थेने संगणकाच्या दप्तराचाही लिहिला गेला पाहिजे. या इतिहासातील दोन धागे २०२० साली एकमेकांत गुंतले. त्यांपैकी पहिला म्हणजे ‘लो-कोड’, अर्थात आज्ञावली ओळीओळीने न लिहिता पडद्यावर तयार घटक मांडून, तक्ते जोडून आणि नियम निवडून संगणकप्रणाली उभारण्याची पद्धत. दुसरा म्हणजे, या क्षेत्रातील माणसांनी एका सभागृहात न जमता आपापल्या घरून पडद्यावर हजर राहण्याची आभासी परिषद.

लो-कोड ही कल्पना जितकी नवी म्हणून सांगितली जाते तितकी ती नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत ‘कोबोल’ या संगणकभाषेची आखणी झाली, तेव्हा ग्रेस हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ या आधीच्या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. या दोन्ही भाषांमागे अशी अपेक्षा होती की, आज्ञा साध्या इंग्रजी वाक्यांच्या जवळ आणल्या तर हिशेब जाणणाऱ्या व्यवस्थापकालाही त्या वाचता येतील. प्रत्यक्षात कोबोल लिहिणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ आले आणि रकाने व ओळींच्या तक्त्यात सूत्रे मांडून आकडेमोड करण्याची सोय प्रथमच सामान्य कारकुनाच्या हाती पडली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जेम्स मार्टिन या लेखकाने तर प्रोग्रॅमरविना प्रणाली घडवण्याचा पुरस्कार करणारे पुस्तकच प्रसिद्ध केले. पुढे डीबेस, फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक आणि अ‍ॅक्सेस ही साधने आली. त्यांपैकी प्रत्येकाने मधला माणूस लागणार नाही असे आश्वासन दिले आणि प्रत्येकाने मधल्या माणसांची एक नवी पिढी तयार केली.

या परंपरेतील एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात घडला. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संशोधनसंस्थेत, प्रणालीचा आराखडा काढला की त्यावरून आज्ञावली यंत्रानेच निर्माण करावी, या दिशेने दीर्घकाळ संशोधन झाले. त्यातून आलेले ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने मोठ्या प्रकल्पांत वापरले. आज लो-कोडविषयी बोलताना लिस्बन आणि रॉटरडॅम ही नावे घेतली जातात, कारण आउटसिस्टिम्स ही कंपनी २००१ मध्ये पोर्तुगालमध्ये आणि मेंडिक्स २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली. पुण्याचे नाव त्या यादीत क्वचितच येते. ही उपेक्षा अनाठायी आहे. मात्र पुण्यातील साधन मोठ्या कंपनीच्या प्रशिक्षित अभियंत्यांसाठी होते आणि तालुक्याच्या गावातील कोणाच्या हाती ते पडण्याची शक्यता नव्हती, हेही तितकेच खरे.

तालुक्याच्या गावात संगणक प्रामुख्याने दोन वाटांनी आला. त्यांपैकी एक वाट सरकारी दप्तराची होती. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्यांपर्यंत पोहोचले आणि जमिनीच्या अभिलेखांचे संगणकीकरण करण्याची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. दुसरी वाट प्रशिक्षणाची होती. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाची अधिकृत केंद्रे राज्यभर तालुक्यांपर्यंत पसरली. शासकीय नोकरीसाठी संगणकज्ञानाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यामुळे या केंद्रांत गर्दी झाली, हे उघड आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अभ्यासक्रम मराठीतून शिकता येत होता. तक्ता उघडणे, त्यात सूत्र घालणे, माहितीची वर्गवारी करणे ही कामे मराठी वाक्यांतून शिकलेली एक पिढी या केंद्रांनी तयार केली. लो-कोडला जो वापरकर्ता अपेक्षित असतो, म्हणजे व्यवसायाने अभियंता नसलेला पण आपल्या कामाचे नियम पक्के ठाऊक असलेला, तो महाराष्ट्रात याच केंद्रांतून घडू लागला. इंग्रजीत त्याच्यासाठी ‘सिटिझन डेव्हलपर’ अशी संज्ञा रूढ झाली आहे. कार्यालयातील ज्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या कामापुरती प्रणाली स्वतः उभारली, त्याला ती लावली जाते.

कामाचे नियम ठाऊक असलेल्यानेच नोंद करावी, हे तत्त्व महसुली दप्तरात किती अवघड ठरते, याचे उदाहरण सातबाऱ्याच्या इतिहासात सापडते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळात काही दशके ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जात होता आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. गावच्या जमिनीचा हिशेब तेव्हा पटवाऱ्याच्या दप्तरात असे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ च्या जमीन महसूल संहितेने साऱ्या राज्याची पद्धत एकसारखी केली. त्या पद्धतीतील गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा; या दोहोंच्या एकत्र उताऱ्याला लोक सातबारा म्हणतात. दोन्ही नमुन्यांचे रकाने आधीच ठरलेले असल्यामुळे ते भरणाऱ्याला नव्याने काही रचावे लागत नाही, फक्त नियमाप्रमाणे लिहावे लागते. लो-कोडच्या पडद्यावर जो फॉर्म दिसतो, तोही याच तत्त्वावर चालतो. म्हणून संगणकपूर्व महसूल व्यवस्थेतच त्याची पूर्वतयारी झाली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ने नमुना बारा भरण्याचे काम तलाठ्याकडून शेतकऱ्याकडे सोपवले. शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवर पिकाची नोंद करावी, शेतातूनच छायाचित्र घ्यावे आणि नोंद पाठवावी, अशी ही रचना होती. स्वतःच्या शेतात काय पेरले आहे हे शेतकऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे कल्पना निःसंशय योग्य होती. तरीही पुढील टप्प्यांत उरलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी गावपातळीवर सहायक नेमावे लागले. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या मोबाइल अ‍ॅपवर नोंदणी मागितली. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही: जो शेतकरी फोनचा सराईत नाही, त्याला आणखी एका मध्यस्थाची गरज पडते. कोबोलच्या काळात जे कंपन्यांच्या कार्यालयांत घडले, तेच शेताच्या बांधावर घडत आहे. मध्यस्थ नाहीसा होत नाही, त्याचे कौशल्य आणि त्याची बसण्याची जागा तेवढी बदलते.

‘लो-कोड’ हे नाव २०१४ मध्ये फॉरेस्टर या अमेरिकन सल्लागार संस्थेच्या अहवालातून रूढ झाले. २०१८ मध्ये सीमेन्सने मेंडिक्स विकत घेतली आणि जानेवारी २०२० मध्ये गूगलने अ‍ॅपशीट घेतली. झोहो या भारतीय कंपनीचे ‘क्रिएटर’ तर २००६ पासूनच उपलब्ध होते. या कंपन्या दरवर्षी परिषदा भरवत. नव्या सुविधांची घोषणा करणारे बीजभाषण, निरनिराळ्या दालनांतील सत्रे, कंपन्यांची प्रदर्शने आणि चहाच्या वेळी होणाऱ्या ओळखी हा त्यांचा ठरलेला क्रम होता. महाराष्ट्रात या परंपरेची मुळे बरीच जुनी आहेत. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाची वार्षिक अधिवेशने अनेक दशके भरत आली. तथापि मराठी वाचकाला परिषद म्हटल्यावर आठवतो तो साहित्य संमेलनाचा मंडप. यवतमाळने तो दोनदा पाहिला आहे: १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने या दोन परंपरांना वेगवेगळ्या वाटांनी नेले. नाशिकचे ९४ वे साहित्य संमेलन पुढे ढकलले गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये मंडपातच भरले; राज्यातील मंदिरे, त्यांत कळंबचे चिंतामणी मंदिरही, १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत भाविकांसाठी बंद राहिली. संगणकक्षेत्राने मात्र थांबण्याऐवजी पडदा पत्करला. मायक्रोसॉफ्टची ‘बिल्ड’ परिषद मे २०२० मध्ये संपूर्णपणे ऑनलाइन आणि विनाशुल्क झाली, आणि निरनिराळ्या देशांतील श्रोत्यांच्या सोयीसाठी ती सलग ४८ तास चालवण्यात आली. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी ‘मेंडिक्स वर्ल्ड’ ही लो-कोडची परिषदही पडद्यावरच भरली.

तालुक्याच्या गावातून अशा परिषदेत सहभागी होणाऱ्या विकसकाच्या, म्हणजे प्रणाली घडवणाऱ्या व्यावसायिकाच्या, दृष्टीने हा बदल साधा नव्हता. पूर्वी परिषदेला जायचे तर व्हिसा, विमानभाडे, नोंदणीशुल्क आणि नोकरी देणाऱ्याची परवानगी यांची गरज पडत असे, आणि या चारही गोष्टी सहसा मोठ्या शहरातील मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यालाच मिळत. आभासी परिषदेत नोंदणीसाठी ईमेलचा पत्ता पुरेसा होता. पुण्यातील किंवा हैदराबादमधील नोकरी सांभाळत गावी परतलेल्या अनेक तरुणांना त्या दोन वर्षांत आपल्या क्षेत्रातील सर्वांत मोठी व्यासपीठे प्रथमच घरातून पाहता आली. याची किंमत वेगळ्या रूपाने द्यावी लागे. सिएटलमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात भारतात रात्रीचे साडेआठ झालेले असतात, त्यामुळे बीजभाषणे रात्री आणि उत्तरार्धातील सत्रे पहाटे ऐकावी लागत. वीज किंवा मोबाइलचे जाळे गेले की सत्र अर्ध्यावर तुटे. चहाच्या वेळच्या ओळखींसाठी आयोजकांनी संवादखिडक्या आणि कृत्रिम दालने रचली खरी, पण दोन अनोळखी व्यावसायिकांत विश्वास निर्माण होण्याचे काम त्यांच्याकडून फारसे झाले नाही. प्रश्न टंकून विचारण्याची सोय मात्र संकोची श्रोत्याला उपकारक ठरली, कारण भरल्या सभागृहात इंग्रजीतून उभे राहून बोलण्यापेक्षा दोन ओळी लिहिणे त्याला सोपे जाते.

२०२२ नंतर परिषदा पुन्हा सभागृहांकडे वळल्या. मे २०२३ ची ‘बिल्ड’ सिएटलमध्ये प्रत्यक्ष भरली, तिचे ऑनलाइन प्रक्षेपण सुरू राहिले. सत्रांची चित्रमुद्रणे खुली ठेवण्याची पद्धतही टिकली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला आणि कळंब रेल्वेने वर्ध्याशी जोडले गेले. अंतराचा प्रश्न असा दोन्ही बाजूंनी कमी होत असताना भाषेचा प्रश्न जागच्या जागी आहे: लो-कोडची साधने, त्यांचे मार्गदर्शन आणि त्यांच्या परिषदा आजही मुख्यतः इंग्रजीत आहेत. एमएस-सीआयटीने वीस वर्षांपूर्वी तक्ता आणि सूत्र मराठीत शिकवून दाखवले. त्याच केंद्रांतून लो-कोडचे शिक्षण मराठीत देण्याचे आणि तालुक्यातील विकसकांना वक्ते म्हणून बोलावणारी मराठी परिषद भरवण्याचे काम राज्यातील विद्यापीठांनी आणि महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने आता हाती घ्यावे.