साडेअडुसष्ट तास

शंभर मीटर धावायला बेन जॉन्सनला ९.७९ सेकंद लागले. त्या धावेचं सुवर्णपदक गेल्याची घोषणा साडेअडुसष्ट तासांनी झाली. १९८८च्या सोल ऑलिंपिकची ही कथा आपल्याला शेवटाकडून माहीत असते: कॅनडाचा धावपटू, विश्वविक्रम, स्टेरॉइड, बदनामी. पण ती तासातासाने पुढे सरकू दिली तर वेगळीच बाब दिसते. यातली महत्त्वाची माणसं शर्यतीच्या कितीतरी आधीपासून उलट मोजणी करत होती. शर्यत कोणत्या तारखेला, औषध त्याआधी कधी थांबवायचं, शरीरातून ते जायला किती दिवस लागतील, असा सगळा हिशेब मांडलेला होता. त्या वेळी तो चुकला, एवढंच.

ऑगस्टचा शेवट. उरले: सुमारे चार आठवडे

१७ ऑगस्टला झुरिकमध्ये अमेरिकेच्या कार्ल लुईसने बेनला हरवलं. लुईस ९.९३, बेन तिसरा, १०.०० सेकंद. वर्षभरापूर्वी रोमच्या जागतिक स्पर्धेत ९.८३चा विश्वविक्रम करून याच लुईसला त्याने मागे टाकलं होतं. मध्यंतरी मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि मोसमातले मोलाचे महिने हातचे गेले. आता ऑलिंपिक तोंडावर आलं होतं.

बेन मूळचा जमैकातल्या फॅलमथचा, जन्म १९६१चा. १९७६ साली कुटुंबाबरोबर टोरांटोला आला. तिथे त्याला प्रशिक्षक मिळाले चार्ली फ्रान्सिस, जे स्वतः १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून धावले होते. १९८४च्या लॉस एंजेलिसमध्ये बेनने दोन कांस्यपदकं घेतली, एक शंभर मीटरचं आणि एक चार बाय शंभर रिलेचं. १९८६च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत याच दोन्ही प्रकारांत सुवर्ण.

फ्रान्सिस यांचं गणित सरळ होतं. जगातले अव्वल धावपटू स्टेरॉइड घेतात, आणि त्यामुळे शंभर मीटरमध्ये साधारण एक मीटरचा फरक पडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. न घेणाऱ्याने स्टार्टिंग ब्लॉक एक मीटर मागे लावायचे की इतरांच्या रेषेत, एवढाच प्रश्न. बेनने १९८१ साली उत्तर दिलं. पुढे औषधांची जबाबदारी डॉ. जेमी ॲस्टाफन यांच्याकडे आली. झुरिकच्या पराभवानंतर बेन टोरांटोला परतला आणि इंजेक्शनांचा आणखी एक छोटा फेरा झाला. मग ती थांबवली. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत लघवीत काही उरायला नको होतं.

या हिशेबाला आधार होता, कारण चाचणी प्रामुख्याने स्पर्धेच्या दिवशीच होई. परीक्षेची तारीख आधीच जाहीर होती. मधल्या महिन्यांत दार ठोठावणारं जवळजवळ कुणी नव्हतं. बेन याआधीच्या चाचण्यांतून असाच सुटत आला होता.

शुक्रवार, २३ सप्टेंबर. उरले: चार दिवसांहून थोडे कमी

प्राथमिक फेऱ्या. दुसऱ्या फेरीत बेनने शेवटच्या टप्प्यात अंग सैल सोडलं आणि लिनफर्ड ख्रिस्ती व डेनिस मिचेल यांच्या मागे तो तिसरा आला. थेट पुढे जाण्याची संधी हुकली. उरलेल्यांमधल्या वेगवान धावपटूंत आपला नंबर लागतो का, याची वाट बघावी लागली. लागला. तो लागला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. बेन जॉन्सन हे नाव एका दणकट पण बेसावध धावपटूचं म्हणून राहिलं असतं.

शनिवार, २४ सप्टेंबर, दुपारी १.३०. उरले: ६८ तास ३० मिनिटं

सोलमध्ये दुपार, टोरांटोत शुक्रवारची रात्र साडेअकरा, भारतात सकाळचे नऊ. सहाव्या मार्गिकेत बेन, तिसरीत लुईस.

बंदुकीचा आवाज झाल्यावर ०.१३२ सेकंदांत बेन सुटला. पहिले दहा मीटर १.८३ सेकंदांत. लुईसला तेवढ्यासाठी १.८९ लागले. फरक सहा शतांशांचा, पण डोळ्यांना तो अंगावर येण्याइतका मोठा दिसला. साठ मीटरला ६.३३. शेवटच्या काही पावलांत बेनने डावीकडे बघितलं आणि उजवा हात वर केला. शेवटचे दहा मीटर त्याला ०.९० सेकंद लागले, म्हणजे लुईसपेक्षाही जास्त. तरी फलकावर आकडा आला ९.७९. लुईस ९.९२, ख्रिस्ती ९.९७, चौथा कॅल्विन स्मिथ ९.९९.

त्याच दुपारी. उरले: सुमारे ६७ तास

पदक गळ्यात पडलं. कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी टीव्हीवर थेट प्रक्षेपणात फोन करून अभिनंदन केलं. बेनने पत्रकारांना सांगितलं की हा विक्रम पन्नास वर्षं टिकेल, कदाचित शंभर. आणि हेही सांगितलं की विक्रमापेक्षा आपल्याला पदक मोठं वाटतं, कारण ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

मधल्या वेळात चाचणी-कक्षात एक साधं काम अडलं होतं: नमुना द्यायला लघवीच होईना. शर्यतीने अंगातलं पाणी शोषलं होतं. बेन बिअर पीत बसून राहिला. लुईसच्या गोटातला ओळखीचा एक माणूसही त्या खोलीत होता. त्या क्षणी ती गोष्ट कुणाला महत्त्वाची वाटली नाही. पुढे वर्षानुवर्षं तिच्यावर घातपाताची कहाणी उभी राहणार होती. अखेर नमुना मिळाला. तो ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत विभागून सीलबंद झाला. बाटल्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो.

रविवार, २५ सप्टेंबर. उरले: ४८ तासांच्या आसपास

कॅनडात जल्लोष. वर्तमानपत्रांची पहिली पानं बेनची.

सोलमध्ये कोरियाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळेत, पार्क जोंग-से यांच्या देखरेखीखाली, ‘ए’ नमुना यंत्रातून जात होता. हे यंत्र लघवीतले घटक एकेक करून वेगळे करतं, त्यांच्या रेणूंचे तुकडे पाडतं आणि त्या तुकड्यांच्या वजनावरून मूळ पदार्थ ओळखतं. उत्तर आलं स्टॅनोझोलॉल, स्नायू वाढवणारं स्टेरॉइड. प्रयोगशाळेला ठाऊक होता फक्त क्रमांक. क्रमांकाला नाव जोडणारी यादी होती ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय आयोगाचे अध्यक्ष अलेक्झांडर द मेरोद यांच्याकडे. त्यांनी यादी बघितली, आणि त्या क्षणापासून ९.७९ सेकंदांचं वजन बदललं.

सोमवार, २६ सप्टेंबर, मध्यरात्र उलटल्यावर. उरले: सुमारे ३२ तास

द मेरोद यांचं पत्र कॅनडाच्या पथकप्रमुख कॅरल ॲन लेथरन यांच्या हाती पडलं. नियमाप्रमाणे ‘बी’ बाटली खेळाडूच्या प्रतिनिधींसमोर उघडायची होती.

सोमवार, सकाळ. उरले: सुमारे २४ तास

प्रयोगशाळेत फ्रान्सिस हजर होते. औषधाचं नाव ऐकून त्यांना बसलेला धक्का खोटा नव्हता, आणि या प्रकरणातला सगळ्यात बोचरा विनोद हाच आहे. बेन स्टेरॉइड घेतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्यांच्या समजुतीप्रमाणे ते दुसरंच होतं. ॲस्टाफन यांनी दिलेल्या बाटल्यांतलं औषध फुराझाबॉल असल्याचं त्यांना सांगण्यात आलं होतं, आणि त्याची चाचणी प्रयोगशाळांकडे नाही, असा विश्वास होता. म्हणून फ्रान्सिस यांनी प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की कुणीतरी बेनच्या पेयात काही मिसळलं.

बाटलीत खरोखर काय होतं, हे पुढच्या वर्षी चौकशीत उघड झालं: जनावरांसाठी बनवलेलं स्टॅनोझोलॉल. मोजणी एका औषधाची केली होती आणि शरीरात होतं दुसरंच.

‘बी’ नमुन्याचं उत्तरही तेच आलं.

सोमवार, रात्र. उरले: सुमारे १२ तास

वैद्यकीय आयोगाची बैठक. बेनची बाजू मांडायला उभे राहिले रिचर्ड पाउंड: माँट्रियलचे वकील आणि खुद्द आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे उपाध्यक्ष. काही घेतलं का, असं त्यांनी बेनला आधी विचारलं होतं. बेन नाही म्हणाला. बैठकीत घातपाताचा मुद्दा मांडला गेला: चाचणी-कक्षात बाहेरचा माणूस होता, पेयात काहीही टाकता आलं असतं.

जर्मन रसायनतज्ज्ञ मॅनफ्रेड डोनिके यांच्याकडे याचं उत्तर तयार होतं. बाहेरून सतत स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणं कमी करतं. बेनच्या नमुन्यात नेमका तोच ठसा होता. एका पेल्यातलं औषध एका दुपारीत असं करू शकत नाही. त्याला महिने लागतात. बचाव तिथेच संपला. आयोगाची शिफारस ठरली.

मंगळवार, २७ सप्टेंबर, पहाट. उरले: सहा-सात तास

लेथरन पदक घ्यायला बेनच्या खोलीवर गेल्या. आई आणि बहीण तिथेच होत्या. बेनने पदक दिलं. काही तासांनी किम्पो विमानतळावर छायाचित्रकारांच्या रेट्यातून वाट काढत तो विमानात चढला. तोवर बातमी वृत्तसंस्थांकडे फुटली होती.

मंगळवार, सकाळी १०. उरले: शून्य

ऑलिंपिक समितीच्या प्रवक्त्या मिशेल वेर्दिए यांनी निवेदन वाचलं. सुवर्ण लुईसला, रौप्य ख्रिस्तीला, कांस्य स्मिथला. कॅनडात सोमवारची रात्र होती. ज्या देशाने शुक्रवारी रात्री जल्लोष केला, त्याने चौथ्या रात्री हे ऐकलं.

शून्यानंतर

रिलेची शर्यत १ ऑक्टोबरला झाली. अमेरिका बॅटन बदलताना चूक करून आधीच्या फेरीतच बाद झाली होती, सुवर्ण सोव्हिएत संघाने नेलं, आणि बेनशिवाय धावलेला कॅनडा सातवा आला. चार वर्षांपूर्वी याच प्रकारात बेनच्या संघाने कांस्य घेतलं होतं.

कॅनडा सरकारने ओंटारिओचे न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. फ्रान्सिस यांनी शपथेवर वर्षानुवर्षांचा हिशेब उलगडला. त्यांच्या गटातल्या धावपटू अँजेला इसाजेंको यांनीही साक्ष दिली. १२ जून १९८९ रोजी बेनने कबुली दिली. त्यामुळे रोमचा ९.८३चा विक्रमही पुसला गेला. बंदी संपवून तो परतला, १९९३ साली पुन्हा दोषी ठरला, आणि या वेळी बंदी आजन्म होती. ९.७९ हा आकडा विक्रमांच्या यादीत यायला १९९९ उजाडलं. तेव्हा तो अमेरिकेच्या मॉरिस ग्रीनच्या नावावर लागला.

बेन एकटाच होता का? त्याच अंतिम शर्यतीतल्या ख्रिस्तीच्या नावावर पुढे उत्तेजकाचं प्रकरण लागलं. लुईसच्या बाबतीत २००३ साली उघड झालं की १९८८च्या अमेरिकन निवड चाचणीत त्याच्या नमुन्यात बंदी असलेलं उत्तेजक सापडलं होतं, पण ते अजाणता घेतल्याचं स्पष्टीकरण मान्य झालं. यामुळे बेन निर्दोष होत नाही. पण सगळेच घेतात, या फ्रान्सिस यांच्या म्हणण्यात बराच तथ्यांश होता, हे नाकारता येत नाही. एका माणसाचं पदक काढून घेताना खेळाच्या व्यवस्थेने स्वतःकडे बघणं टाळलं. तारीख आधीच सांगून परीक्षा घेणारे तेच होते.

बदल झाला तो नेमका इथे. १९९९ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष झाले रिचर्ड पाउंड, म्हणजे सोलमध्ये बेनची बाजू मांडणारेच. आज वरच्या दर्जाच्या खेळाडूला दररोजचा एक तास आधी कळवून ठेवावा लागतो, त्या तासात तो कुठे सापडेल याच्या पत्त्यासह. कोण कधी येणार, हे त्याला कळत नाही. औषधं संपलेली नाहीत. पण शर्यतीच्या तारखेवरून मागे मोजत जाणं, हा त्या काळचा हुकमी डाव, आता खेळाडूच्या हातात राहिलेला नाही. मोजणी आता दार ठोठावणाऱ्याची आहे.