बंदुकीपासून दोन दांड्यांपर्यंत

१९९० नंतरच्या दशकांत चेंबूरच्या आमच्या बिऱ्हाडीं व्हिडिओ गेम आला, त्याबरोबर प्लास्टिकची एक बंदूकही होती. निंटेंडो कंपनीनें १९८४ सालीं काढलेल्या ‘डक हंट’मधील बदकें तिनें टिपावयाचीं. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीची नळी तो प्रकाश हेरी. नेम धरतां आला कीं खेळ आला!

पुढें खेळाडूलाच पडद्यावरील जगांत चालावें लागलें. नेमाबरोबर पावलेंही बोटांनींच सांभाळणें आलें. १९९७ च्या ‘गोल्डनआय’मध्यें चालणें व वळणें अंगठ्याखालच्या एकाच दांडीनें होई, बाजूस सरकावयास निराळीं बटणें. २००० सालच्या ‘एलियन रिझरेक्शन’नें डावी दांडी पावलांना दिली, उजवी नजरेला. एका अमेरिकन परीक्षकास ही योजनाच त्या खेळांतील सर्वांत भयंकर गोष्ट वाटली. परंतु २००१ सालीं ‘हेलो’ हा खेळ त्याच वाटेनें लोकप्रिय झाला, आणि कालांतरानें तीच रीत रूढ झाली. परीक्षकाचा हात जुन्या संवयीचा होता, इतकेंच.

आमच्या घरीं चपटा टीव्ही आला, तेव्हां ती बंदूक मुकी झाली. नव्या पडद्यावर चित्र किंचित् उशिरा उमटतें, तेवढ्यानें तिचा हिशेब चुकतो. भाच्यानें दोन दांड्यांचें यंत्र हातीं दिलें. मी भिंतींवर आदळत चाललों. तो खदखदां हंसला. मी म्हटलें, “बाळ, मामाचा हात अडाणी नाहीं, त्याची शाळा निराळी होती. तुझीही शाळा एक दिवस बदलेल.”