आइसलँडची ट्रिप, उलट्या दिशेने

आज ज्वालामुखी नाही, नॉर्दर्न लाइट्स नाहीत. आइसलँड म्हटलं की रील्समध्ये तेच दिसतं, त्यामुळे ते तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. आम्ही चार जण पनवेलहून आइसलँडला जायचं ठरवतोय. एक्सेल शीट तयार आहे, शेंगेन व्हिसाची कागदपत्रं गोळा होतायत. थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत. आपल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांवर माणसं होती.

हे सगळं चाललं असताना मला एक साधा प्रश्न पडला. आपण तिकडे चाललोय, पण तिकडून इकडे पहिल्यांदा कोण आलं असेल? पर्यटक सोडा, जुन्या काळात?

उत्तर सापडतं, आणि नावासकट सापडतं. योन ओलाफसन. म्हणजे ओलाफचा मुलगा योन. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं, बापाचं नाव लावतात. आपण मधलं नाव लावतो आणि पुढे आडनाव जोडतो, ते मधल्यावरच थांबतात. पण या योनला लोकांनी एक पदवी चिकटवली, इंडियाफारी. भारतात जाऊन आलेला. आपल्याकडे एखाद्याची ओळखच ‘काशीला जाऊन आलेला’ अशी व्हायची ना, अगदी तसं.

योनचा जन्म १५९३ चा. देशाच्या वायव्येला, फ्योर्डच्या काठी. फ्योर्ड म्हणजे डोंगरात लांबवर घुसलेली समुद्राची चिंचोळी पट्टी. आपल्या धरमतरच्या खाडीला उंच, उघडेबोडके कडे लावा, तापमान पार खाली आणा, साधारण चित्र येईल. आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती आणि १६०२ पासून तिथला व्यापार फक्त परवाना दिलेल्या डॅनिश व्यापाऱ्यांनाच करता यायचा. मासे तुमचे, विकायचे मात्र त्यांनाच आणि त्यांच्या भावात. तरुण पोराला तिथे काय भविष्य दिसणार? १६१५ मध्ये हा एका इंग्रज जहाजावर चढला, इंग्लंडला पोचला, तिथून कोपनहेगनला गेला आणि राजा चौथा ख्रिश्चन याच्या नोकरीत तोफखान्यात लागला. तोफची, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज.

आता तोच राजा. १६१६ मध्ये त्याच्या राज्यात डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी निघाली. ओवे गिएड्डे नावाचा विशीतला दर्यासारंग जहाजं घेऊन निघाला आणि १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगमबाडी हे किनाऱ्यावरचं गाव मिळवलं. मिऱ्यांच्या व्यापारासाठी. तिथे त्यांनी डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. सोन्याच्या पत्र्यावर तमिळमध्ये लिहिलेलं नायकाचं पत्र आजही डेन्मार्कच्या अभिलेखागारात आहे.

या किल्ल्यावर चाकरी करायला योन १६२२ मध्ये निघाला. वय तिशीच्या आत, म्हणजे माझ्याएवढंच. आफ्रिकेला वळसा घालून १६२३ मध्ये पोचला. आमच्या शीटमध्ये प्रवासाचा वेळ तासांत आहे, त्याचा महिन्यांत होता. आणि त्या काळच्या जहाजांवर स्कर्व्ही, ताप, वादळं यांतून किती जण पोचतील हे आधी कुणीच सांगू शकत नसे. परतीचं तिकीट वगैरे कल्पनाच नाही.

तो तिथे फार काळ टिकला नाही. १६२४ मध्ये दारूचा स्फोट झाला आणि तो गंभीर जखमी झाला. गोलंदाजाचं हत्यारच त्याच्यावर उलटलं. त्याला परत पाठवलं, तर जहाज भरकटत आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. शेवटी १६२६ मध्ये तो आइसलँडला घरी पोचला. नंतर जवळजवळ पस्तीस वर्षं गेली आणि १६६१ मध्ये, सत्तरीकडे झुकलेला असताना, त्याने सगळा प्रवास लिहून काढला. १६७९ मध्ये वारला.

मला इथे थांबावंसं वाटतं. हा काही सरदार नाही, पाद्री नाही, कंपनीचा अधिकारी नाही. पगारी शिपाई. आपण सतराव्या शतकातला भारत परदेशी लोकांच्या नजरेतून वाचतो, तेव्हा लिहिणारा बहुतेक वेळा वकील, व्यापारी किंवा डॉक्टर असतो. किल्ल्यावर पहारा देणाऱ्या माणसाने लिहिलेलं फार थोडं आहे.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. आपल्यापैकी असं कुणी लिहिलं का?

लिहिलं. आणि तो माणूस पनवेलपासून लांबचा नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. ‘माझा प्रवास’ हे नाव शाळेत कानावरून गेलं असेल. जन्म १८२७ चा. घरी गरिबी, डोक्यावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार असं कळलं, म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले. तारीख बघा मंडळी! कमवायला निघालेला भिक्षुक थेट बंडात जाऊन पडला. ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरात होते. तोफा, जाळपोळ, कत्तल, लूट, सगळं डोळ्यांनी पाहिलं. मिळवलेले पैसे लुटले गेले. घरी परतायला जवळपास तीन वर्षं लागली, आणि हाती धन नाही तर खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती.

त्यांनीही लगेच लिहिलं नाही. पंचवीसेक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं. वैद्यांनी बरेच फेरफार करून ते छापलं १९०७ मध्ये. गोडसे भटजींचा मूळ मजकूर लोकांसमोर यायला १९६६ उजाडलं, तो दत्तो वामन पोतदारांनी आणला. आणि योनचं पुस्तक? ते अडीचशे वर्षं हस्तलिखितांच्या नकलांमधून फिरत राहिलं आणि कोपनहेगनला छापलं गेलं १९०८-०९ मध्ये. दोन पुस्तकं, एक कोकणातल्या भिक्षुकाचं, एक फ्योर्डवरच्या गोलंदाजाचं, आणि छापखान्यात पोचली एक-दोन वर्षांच्या अंतराने. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून सिद्धांत काढू नका. पण मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो.

फरक मात्र मोठा आहे. कोकणातली किती माणसं खलाशी म्हणून परक्या जहाजांवर गेली! त्यांच्यातल्या कुणाचं योनसारखं पुस्तक निदान मी तरी पाहिलेलं नाही. गोडसे भटजी लिहू शकले कारण भिक्षुकी करणाऱ्या घरात अक्षर होतं. गलबतावरच्या माणसाच्या घरात बहुधा नव्हतं. आइसलँडमध्ये शेतकरी-कोळ्यांच्या घरांतही जुन्या गोष्टी वाचायची, हाताने उतरवून ठेवायची पद्धत होती. सोसलं दोघांनीही, कागद एकाच्याच हाताशी होता.

अजून एक धागा, पटकन. योन गेल्यावर साधारण अर्धशतकाने तंजावर भोसल्यांकडे आलं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे तिथले राजे झाले. म्हणजे तरंगमबाडीच्या डॅनिश लोकांचा शेजारी मराठी दरबार. तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरही डॅनिश होतं. इंग्रज कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी १८०० मध्ये डॅनिश श्रीरामपुरात गेला, आणि त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथेच छापलं. म्हणजे ज्या राजाच्या जमिनीवर आपलं व्याकरण छापलं गेलं, रेक्याविकही त्याच राजाचं होतं. दोन्ही भारतीय ठाणी डेन्मार्कने १८४५ मध्ये इंग्रजांना विकली. आइसलँड प्रजासत्ताक झालं १९४४ मध्ये.

आता ट्रिपचं. आइसलँडला जाणारे बहुतेक जण रिंग रोड करतात, साधारण तेराशे किलोमीटरचा गोल. योनचा वायव्येकडचा भाग, वेस्टफ्योर्ड्स, त्या गोलाच्या बाहेर राहतो. तिथे जायचं तर दोन दिवस जास्त, म्हणजे जास्त सुट्टी, जास्त भाडं. आमच्यात यावरून मतदान झालं आणि मी एक विरुद्ध तीन हरलो. अजून पटवतोय. तोवर स्वस्तातली बाजू आधी करणार आहे: मायिलादुदुरईपर्यंत ट्रेन, तिथून बसने तरंगमबाडी. किल्ला उभा आहे, आत छोटं संग्रहालय आहे. आणि त्याच्याही आधी, पाऊस उघडला की एका रविवारी बाइकवर वरसई. कुणी येणार असेल तर मेसेज करा, पेणला चहाला थांबू.